गुरगुर काढून टाकू नका

1990 च्या आसपास अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने जगाला दोन गोष्टी भरपूर पुरवल्या : संत्र्याचा रस आणि डेथ मेटल. पहिली घरोघरी पोचली. दुसरीचं नाव काढलं की आजही बरेच जण कानांवर हात ठेवतात. टॅम्पा शहरातला मॉरिसाउंड स्टुडिओ हे त्या संगीताचं माहेर. मॉर्बिड एंजल, ओबिच्युअरी, डिसाइड, डेथ ही मंडळी तिथलीच. ब्राझीलचा सेपल्टुरासारखा बँडही ‘अराइझ’ रेकॉर्ड करायला समुद्र ओलांडून तिथे आला. काचेपलीकडे बहुतेक वेळा स्कॉट बर्न्स नावाचा निर्माता बसलेला असे. गाण्यांचे विषय ठरलेले : मरण, प्रेतं, सैतान, आणि कंटाळा आला तर पुन्हा मरण.

याच स्टुडिओतून, याच बर्न्सच्या हाताखालून 14 सप्टेंबर 1993 रोजी मायामीच्या ‘सिनिक’ या बँडचा पहिला अल्बम बाहेर पडला. नाव ‘फोकस’. आठ गाणी, जेमतेम 36 मिनिटं. मुखपृष्ठावर रॉबर्ट व्हेनोसा या चित्रकाराचं झळाळतं, स्वप्नातलं वाटावं असं चित्र. कवटी नाही, रक्त नाही. पहिल्या गाण्याचं नाव ‘वेल ऑफ माया’, म्हणजे मायेचा पडदा. हे गाणं सुरू होतं आणि काही क्षणांत दोन आवाज ऐकू येतात. एक माणसाचा, पण यंत्रातून गाळून आलेला, थंड आणि तरंगता. दुसरा घशाच्या तळातून आलेली गुरगुर. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच खोलीत राहायला लागलेले दोन अनोळखी भाडेकरू असावेत तसे ते वागतात.

तीस वर्षं या अल्बमच्या चाहत्यांत याच दोन आवाजांवरून वाद चालू आहे. जुने डेथ मेटलवाले म्हणतात, तो यंत्रमानव नसता तर रेकॉर्ड झकास होती. जॅझ आणि प्रोग्रेसिव्ह संगीताच्या वाटेने आलेले म्हणतात, वाद्यं स्वर्गीय आहेत, फक्त ती गुरगुर काढा. दुसरी मागणी अधिक सभ्य आहे आणि म्हणूनच अधिक घातक. ‘फोकस’मधली गुरगुर काढली तर एक सुंदर, गुळगुळीत आणि बऱ्यापैकी निरुपद्रवी रेकॉर्ड उरेल. या अल्बमचं मोठेपण त्याच्या न जुळलेल्या सांध्यात आहे, आणि तो सांधा का जुळला नाही हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

पॉल मॅस्विडाल आणि शॉन रायनर्ट हे दोघे मायामीचे शाळकरी दोस्त. एकाच्या हातात गिटार, दुसऱ्याच्या हातात ड्रमच्या काठ्या. 1987 मध्ये त्यांनी सिनिक सुरू केला. पुढची काही वर्षं हौशी ध्वनिफितींची, म्हणजे डेमोंची. त्या काळात मेटलचा सगळा व्यवहार कॅसेटींच्या देवाणघेवाणीवर चाले. फ्लोरिडातली कॅसेट टपालाने युरोपात जाई, तिथली इकडे येई. सिनिकच्या डेमोंमध्ये वेग होता, राग होता आणि वयाच्या मानाने अंगावर येणारी तयारी होती. रोडरनर या मूळच्या डच कंपनीने त्यांना करारात बांधलं. करार अर्थातच डेथ मेटल बँडशी होता.

मध्येच एक मोठी संधी आली. ‘डेथ’ बँडचा कर्ता चक शुल्डिनर नव्या साथीदारांच्या शोधात होता. त्याने मॅस्विडाल आणि रायनर्टला बोलावलं, आणि 1991 चा ‘ह्यूमन’ हा अल्बम तयार झाला. दोघे तेव्हा विशीत नुकतेच शिरलेले. ‘ह्यूमन’मध्ये रायनर्टने जे वाजवलं त्याने या संगीतातल्या ड्रमवादनाची परिभाषा बदलली, असं म्हणणं मेटलच्या जगात आता फारसं कोणाला खटकत नाही. दोन्ही पायांचा तुफान वेग तर होताच. त्याच्यावर झांजांची जी नाजूक, जॅझमधून आलेली कलाकुसर होती ती नवी होती. तबल्याच्या श्रोत्याला हे पटकन कळेल. द्रुत लयीत ठेका न सोडता बोटांनी बारीक काम करत राहणं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

‘ह्यूमन’नंतर ‘फोकस’ यायला दोन वर्षं लागली, त्यातला काही वाटा निसर्गाचा. 24 ऑगस्ट 1992 रोजी अँड्र्यू हे चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. हजारो घरं भुईसपाट झाली, आणि सिनिकची सरावाची जागाही गेली. रेकॉर्डिंग कित्येक महिने लांबलं. पहिला अल्बम करू पाहणाऱ्या पोरांच्या दृष्टीने याहून वाईट काय असणार? पण त्या सक्तीच्या रिकाम्या वेळात गाणी पुन्हा उसवली गेली, पुन्हा विणली गेली. 1991 च्या डेमोतलं ‘युरोबोरिक फॉर्म्स’ आणि ‘फोकस’मधलं तेच गाणं शेजारी ठेवून ऐकलं तर या मुलांच्या डोक्यात मधल्या काळात काय चाललं होतं त्याचा अंदाज येतो. सांगाडा तोच, पण आत हवा खेळू लागली आहे.

हवा येत होती ती दुसऱ्याच दिशेने. ॲलन होल्ड्सवर्थ या इंग्रज गिटारवादकाचे लांबलचक, कुठेही टेकू न घेणारे स्वर. जॉन मॅक्लॉफ्लिनचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा. (हाच मॅक्लॉफ्लिन पुढे झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्याबरोबर ‘शक्ती’ घेऊन आला, त्यामुळे आपल्याकडच्या श्रोत्यांना तो परका नाही.) मॅस्विडाल आणि दुसरा गिटारवादक जेसन गोबेल यांनी गिटारला सिंथेसायझर जोडले. बासवर आलेल्या शॉन मलोनने चॅपमन स्टिक नावाचं वाद्यही आणलं. एमेट चॅपमन या अमेरिकनाने घडवलेलं हे वाद्य छेडत नाहीत; दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर हलके ठोके देत वाजवतात, त्यामुळे एकच माणूस खालचा आणि वरचा दोन्ही स्वरप्रवाह सांभाळू शकतो. डेथ मेटलच्या स्टुडिओत असलं वाद्य येणं म्हणजे तमाशाच्या फडात सतार येण्यासारखंच. मलोन पुढे संगीतशास्त्राचा माणूस झाला आणि बास वाजवणाऱ्यांसाठी त्याने पुस्तकंही लिहिली. ‘फोकस’ ऐकताना त्याची बोटं शोधावीत. गिटारींच्या गदारोळातही तो कुठेतरी मागे शांतपणे गात असतो.

आणि मग ते आवाज.

मॅस्विडालचा आवाज व्होकोडरमधून येतो. हे यंत्र बोलणाऱ्याच्या आवाजाची ठेवण टिपतं आणि ती दुसऱ्याच, कृत्रिम सुरावर चढवतं. म्हणजे उच्चार माणसाचे, गळा यंत्राचा. 1930 च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ते टेलिफोनसाठी शोधलं गेलं आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांची गुप्त संभाषणं शत्रूपासून लपवायला वापरलं गेलं. पॉप संगीतात ते 1970 च्या दशकात रुळलं. डेथ मेटलमध्ये मात्र आवाजाला रांगडेपणाची सक्ती होती, आणि तिथे एका तरुणाने असा बिनशरीराचा आवाज लावणं हा मोठा धीटपणा होता.

गुरगुर टोनी टीगार्डनची. आधी ती मॅस्विडालच करायचा, पण त्याचा आवाज कायमचा जाण्याची भीती निर्माण झाल्यावर टीगार्डनला आणलं गेलं. ही बाब महत्त्वाची आहे. गळा धोक्यात आल्यावर गुरगुर सोडून देण्याचं आयतं कारण हाताशी होतं. बँडने ती सोडली नाही, दुसऱ्या माणसाकडे सोपवली. याचं एक कारण सरळ व्यवहाराचं असणार. कंपनीने विकत घेतला होता तो डेथ मेटल बँड, आणि ऐकणारेही तेच मागणार होते. म्हणजे ‘फोकस’मधली गुरगुर काही अंशी बाजाराला दिलेली सूट आहे. चाहत्यांचा दुसरा गट नेमकं यावरच बोट ठेवतो : जे मनातून आलं नाही ते काढून टाकलेलं बरं.

या युक्तिवादात एक गृहीत लपलेलं आहे. जे मनातून येतं तेच कलेत टिकतं, बाकी सगळा कचरा. कलेचा इतिहास याच्याशी सहमत नाही. नाटक कंपनीच्या गरजेपोटी, प्रेक्षक पदं मागतात म्हणून किती चाली बांधल्या गेल्या, आणि त्यातल्या किती अजून गायल्या जातात याचा हिशोब मराठी माणसाला तरी सांगायला नको. सक्तीने आलेली गोष्ट कलाकृतीत शिरली की ती तिथल्या बाकीच्या गोष्टींशी भांडू लागते, आणि कधी कधी त्या भांडणातूनच कलाकृती उभी राहते.

‘वेल ऑफ माया’ हे नाव परत पाहू. गोरखपूरला जन्मलेले परमहंस योगानंद 1920 मध्ये अमेरिकेत गेले. त्यांचं आत्मचरित्र 1946 मध्ये आलं, आणि मराठीतही ‘योगी कथामृत’ म्हणून ते अनेक कपाटांत आहे. मॅस्विडाल तरुणपणीच त्यांच्या शिकवणीकडे ओढला गेला. पाश्चात्त्य रॉकमधल्या भारतीय अध्यात्माविषयी आपण जरा सावध असतो, आणि असावंही. साठच्या दशकापासून उदबत्ती आणि सतारीच्या दोन तारा एवढ्यावर मोक्ष विकणाऱ्या रेकॉर्डी कमी निघाल्या नाहीत. ‘फोकस’ त्या रांगेत बसत नाही. यात सतार नाही, मंत्र नाहीत, भारताचं नावही कुठे मिरवलेलं नाही. आहे ती एक बेचैनी : जे दिसतंय ते खरं नाही असा दाट संशय, आणि त्यापलीकडे जाता येत नाही म्हणून येणारा संताप. ‘आय’म बट अ वेव्ह टू...’ या गाण्याचं नाव वाचून कोणाही वारकऱ्याला पुढचा शब्द सुचेल. लाट आणि सागर ही जोडी आपल्याकडे सातशे वर्षं नांदते आहे.

आता विचार करा, या बेचैनीतून गुरगुर वजा केली तर काय उरतं? व्होकोडरचा तो आवाज आधीच पैलतीरी पोचलेला आहे. तो शांत आहे, निर्विकार आहे, त्याला कसलीच घाई नाही. अल्बमभर तो एकटाच असता तर ऐकणाऱ्याला उपदेश ऐकल्यासारखं वाटलं असतं. गुरगुर येते ती चिखलातून. तिला शरीर आहे, भूक आहे, राग आहे. मायेच्या पडद्याबद्दल गायचं आणि मायेत अडकलेल्या कोणाचा आवाजच ठेवायचा नाही, हे कसं जमायचं? दोन आवाजांचा हा सामना कोणी आखून घडवलेला नव्हता. बाजार, गळ्याचं दुखणं आणि एका तरुणाची आध्यात्मिक तहान यांच्या टकरीतून तो घडून गेला. पण घडला हे कानांना कळतं.

सगळीकडे तो सारखाच जमलाय असं मात्र नाही. ‘युरोबोरिक फॉर्म्स’मध्ये गुरगुर घरी आहे, तिथे व्होकोडर पाहुणा. ‘सेंटिमेंट’मध्ये उलट; तिथली गुरगुर खरोखरच चुकून आत आल्यासारखी वाटते. ‘टेक्श्चर्स’ या गाण्यात दोन्ही आवाज नाहीत, फक्त वाद्यं आहेत, आणि ज्यांना जॅझ-फ्यूजनची आवड आहे त्यांना तेच सर्वांत आवडतं. ते गाणं उत्तम आहे, पण त्या काळातल्या इतर चांगल्या फ्यूजन रेकॉर्डींच्या मधे ठेवलं तर वेगळं काढता येईलच असं नाही. शेवटचं ‘हाउ कुड आय’ लावलं की मात्र शंका राहत नाही. इथे दोन्ही आवाज आणि चारही वादक मिळून जे करतात ते आधी कोणी केलं नव्हतं. गाण्याच्या अखेरीला मॅस्विडालची गिटार जिथे वर चढत जाते, तिथे मेटल न ऐकणाऱ्यानेही एकदा थांबून पाहावं.

मराठी परीक्षणांत पदार्पणाला ‘आश्वासक’ म्हणायची एक पद्धत आहे. लिहिणाराही सुटतो, कलाकारही दुखावत नाही. 1993 च्या अखेरीला ‘फोकस’ला एवढंसुद्धा मिळणं अवघड होतं. आठवड्याभरात ‘निर्वाणा’ या बँडचा ‘इन युटेरो’ आला आणि रॉकच्या बाजाराचं सगळं लक्ष तिकडे गेलं. रोडरनरकडेही त्या मोसमात विकायला सोपं बरंच होतं. सेपल्टुराचा ‘केऑस ए.डी.’ ऑक्टोबरात आला. 1994 मध्ये सिनिकला अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं गेलं ते कॅनिबल कॉर्प्सच्या जोडीला. कॅनिबल कॉर्प्स म्हणजे या संगीतातला सर्वांत रक्ताळ बँड. त्याच वर्षी जिम कॅरीच्या ‘एस व्हेंच्युरा’ चित्रपटात झळकून तो जरा जास्तच प्रसिद्ध झाला होता. त्यांच्या प्रेक्षकांसमोर मुंडी नसलेल्या स्टाइनबर्गर गिटारी आणि यंत्रमानवाचा आवाज घेऊन सिनिक उभा राहिला. गुरगुर त्या दौऱ्यात डॅना कॉस्ली या तरुणीने केली, कीबोर्डही तीच वाजवायची. आज एखाद्या बाईने मेटलमध्ये गुरगुरणं नवलाचं राहिलं नाही. तेव्हा ते होतं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

त्या रंगमंचावरच्या मॅस्विडाल आणि रायनर्टबद्दल प्रेक्षकांना आणखीही काही ठाऊक नव्हतं. आपण समलिंगी आहोत हे दोघांनी जाहीरपणे सांगितलं ते वीस वर्षांनी, 2014 मध्ये, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’शी बोलताना. मेटलची मर्दानगी किती पोकळ असते हे दाखवायला ही घटना सोयीची आहे, आणि व्होकोडर म्हणजे लपण्याची जागा होती असं सांगून टाकण्याचा मोहही होतो. पण कलाकाराच्या खासगी आयुष्याची किल्ली लावून प्रत्येक गाण्याचं कुलूप उघडायचं, हा आळस आहे. एवढंच म्हणता येईल की वेगळं असण्याची किंमत या दोघांना संगीताच्या आधीपासून माहीत होती.

1994 सरता सरता बँड फुटला. दुसरा अल्बम तेव्हा झालाच नाही. मॅस्विडाल आणि रायनर्ट लॉस एंजेलिसला गेले, मलोनने स्वतःचा ‘गॉर्डियन नॉट’ हा प्रकल्प काढला. आणि मग, बँड अस्तित्वात नसताना, ‘फोकस’ पसरत गेला. शिकागोकडच्या काही तरुणांनी 2004 मध्ये आपल्या बँडला ‘वेल ऑफ माया’ हेच नाव दिलं. जर्मनीचा ‘ऑब्स्क्युरा’ व्होकोडर वापरू लागला. शिव्या आणि विस्मृती यांतून एखादी रेकॉर्ड वर येते तेव्हा तिच्याभोवती दंतकथा जमतात, तशा इथेही जमल्या. 2006 मध्ये सिनिक पुन्हा एकत्र आला, 2008 मध्ये ‘ट्रेस्ड इन एअर’ निघाला, आणि तो उत्तम अल्बम आहे.

पण पुढे काय होत गेलं ते पाहा. ‘ट्रेस्ड इन एअर’मध्ये गुरगुर आहे, पण मागे, गालिच्याखाली ढकललेली. 2010 च्या ‘री-ट्रेस्ड’मध्ये त्यातलीच काही गाणी गुरगुरीशिवाय पुन्हा केली गेली. 2014 च्या ‘काइंडली बेंट टू फ्री अस’मध्ये ती नाहीच. आता मॅस्विडालला कोणी सक्ती करत नव्हतं. त्याला हवं तसं तो करत होता, आणि तो त्याचा हक्कच आहे. तरीही ‘काइंडली बेंट’ ऐकताना काहीतरी सुटल्याची चुटपूट लागते. सूर नितळ, वादन अव्वल, आणि अडखळायला एकही दगड नाही. एक बेरकी प्रश्न विचारावासा वाटतो : जर 1993 मध्ये या चौघांवर कोणाचंच दडपण नसतं, तर त्यांनी पहिलाच अल्बम असा केला असता का? केला असता, तर आज त्याबद्दल कोणी लिहिलं असतं का?

दोन आवाजांचा हा प्रश्न भारतातही एका वेगळ्या रूपात उभा राहिला. दिल्लीचा केशव धर आपल्या खोलीत बसून गाणी रेकॉर्ड करायचा. त्यातून ‘स्कायहार्बर’ हा बँड झाला, आणि 2012 मध्ये ब्रिटनच्या बॅसिक रेकॉर्ड्सने त्यांचा पहिला अल्बम काढला, ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज : इल्यूजन अँड केऑस’. भारतीय प्रोग्रेसिव्ह मेटलमधलं हे सर्वांत नाव झालेलं पदार्पण. दोन तबकड्या. ‘इल्यूजन’वर इंग्लंडच्या डॅनियल टॉम्पकिन्सचा तलम, उंच गळा. ‘केऑस’ या छोट्या दुसऱ्या तबकडीवर मुंबईच्या ‘भयानक मौत’ या बँडचा सुनीत रेवणकर, आणि त्याची गुरगुर. म्हणजे तेच दोन आवाज, पण इथे त्यांना वेगवेगळ्या खोल्या दिलेल्या. ज्याला जे हवं ते त्याने ऐकावं. व्यवस्था चोख आहे, आणि ‘इल्यूजन’मधली काही गाणी इतकी देखणी आहेत की तक्रार करणं जिवावर येतं. तरी रेवणकरला टॉम्पकिन्सच्या गाण्यात घुसू दिलं असतं तर, हा विचार जात नाही. मुंबईतल्या माहीमपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या मेटलवाल्यांना त्या गळ्याची ताकद ठाऊक आहे. तो वेगळ्या तबकडीवर ठेवल्याने ‘इल्यूजन’ला त्याचा धक्का बसला नाही, आणि हेच तिचं थोडं नुकसान.

2020 हे वर्ष सिनिकसाठी क्रूर ठरलं. जानेवारीत रायनर्ट गेला, वय 48. डिसेंबरात मलोन. 2021 च्या ‘असेन्शन कोड्स’ या अल्बमवर बास गिटार नाही, तो भाग सिंथेसायझरवर वाजवला आहे. 2023 मध्ये ‘रीफोकस’ या नावाने जुन्या रेकॉर्डिंगचं नव्याने मिश्रण करून पहिला अल्बम पुन्हा बाजारात आला. तंत्र तीस वर्षं पुढे गेलेलं, त्यामुळे जे पूर्वी गढूळ होतं ते आता वेगवेगळं ऐकू येतं.

नव्याने ऐकू पाहणाऱ्याने तरीही सुरुवात 1993 च्या मूळ प्रतीपासून करावी. ती आज ऐकायच्या बहुतेक ॲपवर मिळते. आधी ‘टेक्श्चर्स’, म्हणजे वादकांची ओळख होईल आणि गळ्याची अडचण येणार नाही. मग थेट ‘हाउ कुड आय’. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून, सलग, आवाज थोडा वाढवून. गुरगुरीतले शब्द कळत नाहीत म्हणून अडू नये. ते गीतपत्रिकेशिवाय अमेरिकनांनाही कळत नाहीत. आणि ‘वेल ऑफ माया’ सुरू असताना घरातल्या कोणी दार उघडून “हे काय लावलंय?” असं विचारलं, तर गाणं बंद न करता त्यांना आत बोलावून दोन्ही आवाज वेगवेगळे ओळखायला सांगावेत.